स्वयंपाकाच्या गॅसचा हिशेब

जो खर्च दर महिन्याला ठरलेला असतो, त्याविषयी घरात कोणी फारसे बोलत नाही. परंतु जो खर्च कधी वाढतो व कधी कमी होतो, तो मात्र वारंवार बोलण्यात येतो. स्वयंपाकाच्या गॅसचा खर्च हा या दुसऱ्या प्रकारचा आहे. "मागच्या खेपेला एवढे पैसे पडले नव्हते, या वेळी इतके कसे झाले?" हा प्रश्न चामोर्शीच्या घरात सिलिंडर आणून देणाऱ्या माणसाला विचारला जातो, मुंबईच्या घरात तोच प्रश्न बिलाचा कागद हातात घेऊन विचारला जातो. मग कोणी म्हणतो, दुकानदार लबाड आहे. कोणी म्हणतो, सरकारने दर वाढवले. तर कोणी घरातल्या आईलाच दोष देतो, की ती गॅस फार जाळते. यांपैकी एखादी गोष्ट खरी असेलही. पण नुसत्या अंदाजाने कोणालाही दोष देणे हा काही हिशेब नव्हे. मुलांनो, हा खर्च का चढतो आणि का उतरतो, हे आज आपण नीट समजून घेऊ.

चामोर्शी हे गडचिरोली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. जवळून वैनगंगा वाहते. तिच्या काठी मार्कंड्याची प्राचीन मंदिरे उभी आहेत. भोवताली धानाची शेते, तलाव आणि बोड्या आहेत व त्यांच्या पलीकडे साग, मोहा, तेंदू यांचे अरण्य पसरलेले आहे. या प्रदेशातील चूल पिढ्यानपिढ्या या अरण्यावरच पेटत आली. सरपणाला बिल नव्हते, म्हणून ते फुकट आहे असे वाटे. परंतु खरे पाहता ते फुकट नव्हते. त्याची किंमत पैशाऐवजी श्रमाने दिली जात असे. पहाटे उठून अरण्यात जायचे, वाळलेले लाकूड गोळा करायचे, डोक्यावर मोळी घेऊन कोस दोन कोस चालत यायचे आणि मग धुराने भरलेल्या घरात फुंकणीने चूल पेटवायची. त्या धुराने डोळे चुरचुरत आणि छातीत खोकला घर करी. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात वाघाचा वावर आहे; तेथे मोळी आणायला गेलेल्या बाईची घरच्यांना संध्याकाळपर्यंत काळजी लागून राही, आणि अजूनही लागते.

१ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला. गरीब कुटुंबांतील स्त्रियांना अनामत रक्कम न घेता गॅसची जोडणी देण्याची ही योजना होती. तिच्यामुळे अरण्यकाठच्या कितीतरी घरांत पहिल्यांदाच शेगडी आली. धूर गेला, मोळीचे श्रम वाचले. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली. चुलीच्या इंधनाला प्रथमच रोख किंमत आली आणि त्या किमतीच्या दोरीने चामोर्शीचे स्वयंपाकघर जगाच्या बाजाराशी बांधले गेले. आज त्या घरात जो चढउतार जाणवतो, त्याचे मूळ या दोरीत आहे.

प्रथम हा गॅस म्हणजे काय, ते पाहू. आपल्याकडे स्वयंपाकासाठी दोन प्रकारचे वायू वापरले जातात. पहिला नैसर्गिक वायू. हा जमिनीच्या किंवा समुद्रतळाच्या पोटात साठलेला असतो. तो मुख्यतः मिथेन असतो, हवेपेक्षा हलका असतो, आणि नळांतून वाहत घरोघरी जातो. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात 'बॉम्बे हाय' येथे १९७४ साली तेलाचा शोध लागला आणि १९७६ साली तेथून उत्पादन सुरू झाले. तेथील वायू समुद्राखालच्या नळांतून रायगड जिल्ह्यातील उरण येथे येतो. मुंबईतील घरांना नळाने गॅस पुरवणारी महानगर गॅस ही कंपनी १९९५ साली स्थापन झाली.

दुसरा प्रकार द्रवरूप पेट्रोलियम वायूचा. चामोर्शीसारख्या गावी सिलिंडरमधून जो येतो, तो हाच. प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचे हे मिश्रण दाबाखाली द्रवरूप होते. द्रवाचा वायू झाला की तो सुमारे अडीचशे पट जागा व्यापतो; म्हणूनच महिनाभराचे इंधन एका सिलिंडरमध्ये मावते. हा वायू हवेपेक्षा जड आहे. नळ नसलेल्या दूरच्या गावीही तो ट्रकमधून नेता येतो, हा त्याचा मोठा गुण होय. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्यात जी उष्णता साठलेली असते, ती नळाच्या सुमारे १७ ते १८ घनमीटर वायूतील उष्णतेइतकी असते.

दोन्ही वायूंच्या खर्चाचा नियम मात्र एकच आहे आणि तो तुम्ही गणितात शिकला आहात. खर्च म्हणजे वापर गुणिले दर. वापर आपल्या घरात ठरतो, दर घराबाहेर ठरतो. यांपैकी कोणताही एक बदलला तरी खर्च बदलतो. आणि दोन्ही एकाच वेळी बदलले, तर गुणाकार पाहिल्याशिवाय कारण सांगता येत नाही.

आधी वापराचा विचार करू. समजा, चामोर्शीतील एका घरी रोज ४०० ग्रॅम गॅस लागतो. मग १४.२ किलोचा सिलिंडर सुमारे ३५ दिवस पुरेल. त्या घरी पहिला सिलिंडर १ जानेवारीला आला असे धरा. पुढचे सिलिंडर ५ फेब्रुवारी, १२ मार्च, १६ एप्रिल, २१ मे, २५ जून, ३० जुलै आणि मग ३ सप्टेंबर या दिवशी येतील. आता कॅलेंडर पाहा. ऑगस्ट महिन्यात एकही सिलिंडर नाही! त्या महिन्यात आई म्हणेल, "यंदा गॅसचा खर्चच झाला नाही." सप्टेंबरात ती म्हणेल, "खर्च पुन्हा आला." वास्तविक वापर एका ग्रॅमनेही बदललेला नाही. महिना तीस-एकतीस दिवसांचा आणि सिलिंडर पस्तीस दिवसांचा, एवढाच काय तो फरक. म्हणून गॅसचा खर्च महिन्याने मोजू नये. एक सिलिंडर किती दिवस पुरला, यावरून मोजावा.

ऋतूप्रमाणेही वापर बदलतो. उन्हाळ्यात रांजणातील पाणी समजा २८ अंशांचे आहे आणि स्नानासाठी ते ४२ अंशांपर्यंत तापवायचे आहे. म्हणजे १४ अंश उष्णता वाढवावी लागेल. पौषातल्या थंडीत तेच पाणी १८ अंशांवर येते. तेव्हा २४ अंश वाढवावे लागतील. एक लिटर पाणी एक अंशाने तापवण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. एका किलो गॅसपासून सुमारे ११,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. त्यातील शंभरातले साठ भाग भांड्याला लागतात व उरलेले हवेत जातात असे मानू. या हिशेबाने वीस लिटर पाण्यासाठी उन्हाळ्यात सुमारे ४२ ग्रॅम आणि हिवाळ्यात सुमारे ७३ ग्रॅम गॅस लागेल. रोजचा फरक केवळ ३१ ग्रॅमचा. पण महिन्याला तो जवळजवळ एक किलो होतो आणि आपला पस्तीस दिवसांचा सिलिंडर दोन-अडीच दिवस आधी संपतो. घरातील माणसे तीच आणि भांडेही तेच असताना केवळ थंडीने खर्च वाढला.

सणावारी पाहुणे येतात, दिवाळीत फराळाचे तळण होते, महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेसाठी आप्तस्वकीय मुक्कामाला राहतात. तेव्हाही वापर वाढतो. ही वाढ आनंदाची असते. परंतु काही वाढ निष्कारण असते. बर्नरची छिद्रे बुजली की ज्योत निळी न राहता पिवळी होते, भांड्याचे बूड काळे पडते व गॅस अधिक जळतो. रबरी नळीला चीर गेली, तर गॅस वापर न होताच निघून जातो. गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. तो वास आला, की आधी दारे-खिडक्या उघडाव्या, रेग्युलेटर बंद करावा, काडी पेटवू नये आणि विजेच्या बटणालाही हात लावू नये. येथे प्रश्न पैशाचा नसून जिवाचा असतो.

आता मुंबईच्या घरात जाऊ. तेथे सिलिंडर नाही. भिंतीवर मीटर आहे. मीटरवरील आजच्या आकड्यातून मागचा आकडा वजा केला की वापर मिळतो. समजा, मागचा आकडा १२४८ व आजचा १२७६ आहे. वापर २८ घनमीटर झाला. एप्रिल २०२३ मध्ये मुंबईत घरगुती नळगॅसचा दर घनमीटरला ५ रुपयांनी कमी होऊन ४९ रुपये झाला, म्हणजे त्यापूर्वी तो ५४ रुपये होता. २८ घनमीटरला जुन्या दराने १,५१२ रुपये पडले असते, नव्या दराने १,३७२ रुपये पडतील. बिल १४० रुपयांनी उतरेल. पण समजा, त्याच वेळी घरी पाहुणे आले आणि वापर ३२ घनमीटर झाला. मग बिल १,५६८ रुपये येईल. पाहा, दर उतरला आणि बिल वाढले! वर्तमानपत्रात दर कमी झाल्याची बातमी वाचलेला मनुष्य असे बिल पाहून रागावेल. पण गुणाकार करून पाहणारा रागावणार नाही.

मीटरच्या बिलात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. मीटर पाहण्यास आलेल्या माणसाला घर बंद आढळले, तर मागील वापरावरून अंदाजाचा आकडा धरून बिल पाठवले जाते. अंदाज कमी धरला गेला असेल, तर पुढच्या खऱ्या मोजणीत उरलेला सारा वापर एकदम येतो आणि ते बिल फुगलेले दिसते. म्हणून बिल हाती आले की आधी रक्कम न पाहता तीन गोष्टी पाहाव्या: आकडा खरा आहे की अंदाजाचा, बिल किती दिवसांचे आहे, आणि दर कोणता लावला आहे.

वापराची बाजू येथे संपली. आता दराकडे वळू. ही बाजू समजण्यास आपली वैनगंगाच मदत करील. चामोर्शीच्या आकाशात ढगाचा ठिपकाही नसतो आणि तरी कधीकधी नदी फुगत जाते, रस्ते बंद होतात. नवख्या माणसाला याचे नवल वाटते. पण काठावरच्या लोकांना ठाऊक असते, की वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते. वर कोठेतरी पाऊस झाला आहे किंवा भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणाची दारे उघडली आहेत. गॅसच्या दराचेही तसेच आहे. आपल्या गावात काही घडलेले नसते. घडलेले असते ते दूर, वरच्या बाजूला.

भारताला लागणाऱ्या द्रवरूप पेट्रोलियम वायूपैकी निम्म्याहून अधिक वायू २०२३-२४ साली परदेशांतून आला आणि त्यातील फार मोठा भाग पश्चिम आशियातील देशांतून जहाजांनी आला. सौदी अरेबियाची सरकारी तेल कंपनी दर महिन्याच्या आरंभी आपला दर जाहीर करते. तो आपल्याकडील दराचा पाया ठरतो. २०२०-२१ साली त्या दराची सरासरी टनाला ४१५ डॉलर होती. २०२२-२३ साली ती ७१२ डॉलर झाली. युद्ध, थंडीतील वाढती मागणी, तेल उत्पादक देशांचे निर्णय, जहाजांच्या मार्गावरील संकटे, यांपैकी कोणत्याही कारणाने हा आकडा हलतो.

परदेशातील माल डॉलरमध्ये विकत घ्यावा लागतो. त्यामुळे रुपयाची किंमतही हिशेबात येते. समजा, गॅसचा दर टनाला ७०० डॉलर आहे आणि तो मुळीच बदलला नाही. २०२२ च्या आरंभी डॉलरला सुमारे ७५ रुपये पडत होते. त्या भावाने १४.२ किलो गॅसची किंमत सुमारे ७४५ रुपये होते. त्या वर्षाच्या अखेरीस डॉलर सुमारे ८३ रुपयांना झाला. आता त्याच गॅसची किंमत सुमारे ८२५ रुपये होते. केवळ रुपया उतरल्याने ऐंशी रुपये वाढले! यावर जहाजाचे भाडे, सिलिंडर भरण्याचा खर्च, वाहतूक, वितरकाचे कमिशन आणि शेकडा पाच कर ही ओझी चढतात, तेव्हा कोठे सिलिंडर आपल्या दारी येतो. भरणा-केंद्रापासून गाव जितके दूर, तितके वाहनाचे भाडे अधिक. म्हणूनच गडचिरोली जिल्ह्यात सिलिंडर मुंबईपेक्षा महाग पडतो.

मग बाहेरचा दर जितका चढतो तितकाच आपल्या घरचा दर चढतो का? नाही. येथे धरणाची आठवण ठेवावी. धरण वरून आलेले सारे पाणी एकदम खाली सोडत नाही. काही अडवते आणि पुढे हळूहळू सोडते. सरकारही घरगुती गॅसच्या बाबतीत असेच करते. २०२२ साली बाहेरचा दर फार चढला, तेव्हा तो सगळा भार गृहिणीवर टाकला गेला नाही. तेल कंपन्यांना तोटा सोसावा लागला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने त्यांना २२,००० कोटी रुपये दिले. तो पैसाही अखेर जनतेच्या करांतूनच आला, हे विसरता येत नाही. याच्या उलटही घडते. जुलै २०२३ पर्यंत सौदीचा दर मार्चच्या मानाने पुष्कळ खाली आला होता. आपल्याकडील घरगुती दर मात्र ३० ऑगस्टला उतरला. मुंबईतील १४.२ किलोच्या सिलिंडरचे दर पाहा: मार्च २०२३ मध्ये ११०२ रुपये ५० पैसे, ३० ऑगस्ट २०२३ पासून ९०२ रुपये ५० पैसे, ९ मार्च २०२४ पासून ८०२ रुपये ५० पैसे, आणि ८ एप्रिल २०२५ पासून ८५२ रुपये ५० पैसे. हे आकडे पायऱ्यांसारखे आहेत. नदीचे पाणी रोज हलत असते. धरणाखालचे पाणी दारे उघडली म्हणजेच हलते. उज्ज्वला योजनेतील कुटुंबांना याखेरीज सवलत मिळू लागली. मे २०२२ पासून ती सिलिंडरमागे २०० रुपये होती व ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये झाली. ही रक्कम बँकेतील खात्यात मागाहून जमा होते. सिलिंडर घेताना पूर्ण पैसे द्यावे लागतात. हा फरक गरिबाच्या घरी लहान नसतो.

नळाच्या नैसर्गिक वायूचीही हीच कथा आहे. देशातील जुन्या विहिरींतून निघणाऱ्या वायूचा दर सरकार सूत्राने ठरवत आले आहे. उष्णतेच्या एका ठरावीक मापाला हा दर मार्च २०२२ पर्यंत २.९० डॉलर होता. एप्रिलमध्ये तो ६.१० आणि ऑक्टोबरमध्ये ८.५७ डॉलर झाला. मुंबईच्या बिलांतही त्याचे पडसाद उमटले. एप्रिल २०२३ मध्ये सूत्र बदलण्यात आले. दर सहा महिन्यांनी ठरणारा दर आता दर महिन्याला ठरू लागला. आणि तो फार चढू नये म्हणून ६.५० डॉलरची मर्यादा घालण्यात आली. ही मर्यादा एप्रिल २०२५ मध्ये ६.७५ डॉलर झाली. करही कमीअधिक होतात. महाराष्ट्र शासनाने १ एप्रिल २०२२ पासून नैसर्गिक वायूवरील मूल्यवर्धित कर शेकडा साडेतेरावरून शेकडा तीनवर आणला.

हा चढउतार केवळ आपल्याच देशात आहे असे मात्र समजू नये. लंडनमध्ये पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. तेथील महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे आहे. त्या थंड देशात गॅस केवळ स्वयंपाकाला लागत नाही, तर सारे घर ऊबदार ठेवण्यासाठी तो जाळावा लागतो. त्यामुळे तेथील जानेवारीचा वापर जुलैच्या कितीतरी पट असतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, युरोपला मिळणारा रशियाचा वायू आटत गेला आणि दर भडकले. ब्रिटनमधील सामान्य घराच्या वीज व गॅस यांच्या वार्षिक खर्चाची जी मर्यादा तेथील नियामक संस्था ठरवते, ती ऑक्टोबर २०२१ मध्ये १,२७७ पौंड होती. एप्रिल २०२२ मध्ये १,९७१ पौंड झाली आणि ऑक्टोबरसाठी तर ३,५४९ पौंड जाहीर झाली. तेव्हा तेथील सरकारला मध्ये पडून सामान्य घराचा खर्च सुमारे २,५०० पौंडांवर रोखावा लागला. श्रीमंत देशातही वृद्ध माणसे खोली तापवावी की नको याचा विचार करू लागली. एका देशातील युद्धाची झळ हजारो मैलांवरच्या स्वयंपाकघराला लागते, ती अशी.

आता पुन्हा चामोर्शीला येऊ. दर चढला, तर लंडनचे कुटुंब खोलीतील ऊब कमी करील. मुंबईचे कुटुंब दुसरा एखादा खर्च आवरील. पण ज्या घरी मिळकत ऋतूप्रमाणे येते, त्या घराने काय करावे? धानकापणीला मजुरी मिळते, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे पैसे येतात. मधल्या काळात हातात रोकड कमी असते. सिलिंडर मात्र कोणत्या महिन्यात संपावा हे पाहून संपत नाही. पैसे जमले नाहीत, की रिकामा सिलिंडर कोपऱ्यात उभा राहतो आणि आई पुन्हा अरण्याची वाट धरते. मग पुन्हा तीच मोळी, तोच धूर आणि संध्याकाळपर्यंतची तीच काळजी. बहुधा तिच्याबरोबर मुलगीही जाते व तिचा शाळेचा वेळ बुडतो. तेव्हा गॅसच्या दरातील पन्नास-शंभर रुपयांचा चढउतार हा कागदावरचा आकडा नव्हे. तो कोणाच्या डोळ्यांत धूर जाणार आणि कोण अरण्यात जाणार, हे ठरवणारा आकडा आहे.

जगाचा बाजार आपण आवरू शकत नाही. परंतु आपल्या घरचा वापर आणि आपली नोंद आपल्या हाती आहे. सिलिंडर दारी आला की त्याचे सील पाहावे आणि वजन करून घ्यावे. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्यावर लिहिलेले असते. भरलेल्याच्या वजनातून ते वजा केल्यास १४.२ किलो राहिले पाहिजेत. वजन करून दाखवावे असे सांगण्याचा ग्राहकाला हक्क आहे. एकदम मोठी रक्कम जमत नसेल, तर पाच किलोचा लहान सिलिंडरही मिळतो. डाळ-तांदूळ आधी भिजत घालावे, भांड्यावर झाकण ठेवावे, चिरणे-निवडणे आटोपल्यावरच शेगडी पेटवावी, बर्नर स्वच्छ ठेवावा आणि उन्हाळ्यात स्नानाचे पाणी उन्हातच तापू द्यावे. या गोष्टी क्षुल्लक दिसतात. पण रोज ३१ ग्रॅमचे महिन्याला जवळजवळ एक किलो कसे होतात, हे आपण पाहिलेच आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एक वही ठेवावी. तीत चार रकाने आखावे: सिलिंडर जोडल्याची तारीख, दिलेले पैसे, संपल्याची तारीख आणि पुरलेले दिवस. हे काम घरातील शाळकरी मुलाने किंवा मुलीने अंगावर घ्यावे. वर्षाअखेरीस ती वही बोलू लागेल. दिवस कमी झाले असतील, तर कारण घरात शोधावे. दिवस तेवढेच असून पैसे वाढले असतील, तर कारण बाहेर आहे असे समजावे. मग आईला उगाच बोल लागणार नाही आणि आपली तक्रार कोठे करावी हेही कळेल. हिशेब ठेवणे म्हणजे कंजूषपणा नव्हे. ज्याच्यावर दोष नाही त्याला दोष न देणे, हाही हिशेबाचाच एक उपयोग आहे.

शब्दार्थ

सरपण – जाळण्याचे लाकूड. बोडी – लहान तलाव. अनामत – ठेव म्हणून दिलेली रक्कम. आप्तस्वकीय – नातलग. गळती – झिरपून वाया जाणे. पडसाद उमटणे – परिणाम दिसणे. झळ लागणे – त्रास पोहोचणे. बोल लागणे – दोष येणे.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) सरपण फुकट नव्हते असे लेखकाने का म्हटले आहे?
(आ) नैसर्गिक वायू व सिलिंडरमधील वायू यांत कोणते फरक आहेत?
(इ) वापर न बदलताही ऑगस्ट महिन्यात गॅसचा खर्च का झाला नाही?
(ई) गॅसच्या दराला वैनगंगेच्या पुराची उपमा का दिली आहे? या उपमेत धरण म्हणजे कोण?

२. कारणे सांगा.
(अ) दर उतरूनही बिल वाढू शकते.
(आ) गडचिरोली जिल्ह्यात सिलिंडर मुंबईपेक्षा महाग पडतो.
(इ) लंडनच्या घरात जानेवारीत गॅस फार लागतो.

३. एका घरी रोज ५०० ग्रॅम गॅस लागतो. १४.२ किलोचा सिलिंडर किती दिवस पुरेल? रोज ५० ग्रॅम वाचवले, तर तो किती दिवस अधिक पुरेल?

४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा: अंगावर घेणे, वाट धरणे, घर करणे, पडसाद उमटणे.

५. आपल्या घरी गॅसच्या नोंदीची वही तयार करा. तीन सिलिंडर झाल्यावर तिच्यावरून काय दिसते, ते दहा ओळींत लिहा.